तिसरं नाव ठरायचं राहिलं होतं

आमची मंडळी यमुना आणि मी जोडीनं केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे तंबूतला पिक्चर बघून पाटाच्या कडेनं घरी आलो ते. बाजाराचा दिवस होता. पहिला खेळ. ती पुढे, मी मागे. शेंगांचा पुडा तिच्या हातात, त्यामुळे मला दर शेंगेला हात पसरावा लागत होता. चालता चालता, मागे न बघता, ती म्हणाली, "मी गेल्यावर तुमी कुनाशी भांडाल वो?"

मी म्हणालो, "कुनाशीच न्हाई. गप बसंन. लई वर्सं झाली गप बसून."

ती इतकी हसली की पाटावरच्या मोरीच्या कठड्यावर टेकली. पदरानं डोळे पुसले, एक शेंग फोडली, दाणे मला दिले आणि म्हणाली, "ब्येस. तिसऱ्या नावाचं उद्या सांगते."

हे तिसरं नाव काय प्रकरण आहे, ते आमच्या गावाबाहेर कुणाला कळायचं नाही. म्हणून सांगतो. मी चौथी शिकलो आहे, तेव्हा सांगण्यात आडवंतिडवं झालं तर झालं.

यमुना पिक्चरला नट बघायला जात नसे. ती लिहिणाऱ्यासाठी जायची. तिला अक्षर येत नव्हतं. पण पडद्यावर जी भांडणं होतात, ती कुणीतरी आधी घरी बसून लिहितो, हे तिला एकदा कळलं आणि तिचा बाकीच्यांवरचा जीवच उडाला. म्हणायची, "नाचनारी दिसती, गानारा ऐकू येतो. भांडन कुनी लावलं त्यो कुटं हाय?"

तंबूत बायका एका बाजूला, बाप्ये दुसऱ्या बाजूला, मधे दोर. ती दोराच्या त्या बाजूला अगदी कडेला बसायची आणि मला या बाजूला कडेला बसवायची. पडद्यावर नावं सुरू झाली की दोराखालून मला कोपर मारायची. मग मी मोठ्यानं वाचायचं: कथा अमुक, संवाद तमुक. मागची पोरं ओरडायची, "काका, शाळा घरी घ्या." ती उठून उभी राहायची आणि म्हणायची, "ज्याच्या घरी जेवलास त्याचं नाव इचारू नये व्हय रे?" एकदा तंबूवाल्या हमीदभाईनं उशीर झाला म्हणून नावं गाळून एकदम पिक्चर लावला. हिनं मशिनीपुढं जाऊन पदर पसरला. पडद्यावर फक्त तिची सावली दिसू लागली. हमीदभाईनं गुपचूप रीळ मागे घेतलं. त्या दिवसापासून तो आम्हाला बघितलं की आधीच म्हणायचा, "नाव है काकू, नाव है."

किराणावाला चंपालाल पेपर घ्यायचा. त्यानं एकदा वाचून दाखवलं की सरकार पिक्चरवाल्यांना बक्षीस देतं. आधी तीन नावं छापतं, मग त्यातल्या एकाला मुंबईत बोलावून देतं. यमुनेला ते फार पटलं. "बराबर हाय," म्हणाली. "तीन पोरी बघायच्या अन् एक करायची." तेव्हापासून लिहिणाऱ्यांची तीन नावं ती स्वतः काढू लागली. सरकारच्या आधी. चंपालालच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून सांगायची आणि बायका लुगड्याच्या दुकानात भाव ऐकावा तशा ऐकायच्या. एका साली सरकारची दोन नावं तिच्याशी जुळली. ती म्हणाली, "सरकार सुदरतंय."

नाव काढायची तिची रीत अशी, की पिक्चरमधलं वाक्य घरी आणायचं आणि न सांगता माणसावर टाकायचं. माणूस खऱ्यासारखा बोलला तर लिहिणारा पास. बहुतेक वेळा तो माणूस मीच.

एकदा मी जेवायला बसलो तर ही ताठ उभी राहून म्हणते, "या घरचं पाणी आजपासून मला विष आहे." मी म्हणालो, "मंग माठ भरून ठिव अन् जा." तिनं कपाळाला हात लावला. पिक्चरमधला नवरा म्हणे इथं ओक्साबोक्शी रडला होता. "बाप्या रडत न्हाई, माठाचं बगतो," ती म्हणाली. "लिहिनाऱ्यानं ऐकलं न्हाई, नुसतं लिहिलं." गेलं त्याचं नाव.

दुसऱ्या खेपेला गूळ घेता घेता भर दुकानात मला म्हणाली, "तुमचं माझं नातं तुटलं. मी माहेरी निघाले." एवढंच, हळू आवाजात. मी घाबरलो नाही, मला सवय होती. चंपालाल घाबरला. त्यानं यष्टीच्या कंडक्टरबरोबर राहुरीला तिच्या भावाला निरोप धाडला. दुपारी बबन दोन म्हातारी माणसं घेऊन हजर. फेटे बांधून. काडीमोडाची बैठक बसायची म्हणून. ही चुलीपुढं पिठलं हाटत होती. बबन म्हणाला, "आक्के, काय झालं?" ती म्हणाली, "काय व्हायचंय? हात धुवा." मग त्या दोन म्हाताऱ्यांकडं बघून मला म्हणाली, "तीन मानसं कामं टाकून आली. ह्या लिहिनाऱ्याला घेतला." बबन सहा महिने आमच्याकडं आला नाही.

दुष्काळाच्या आदल्या साली तिची दोन नावं ठरली होती. तिसऱ्या जागेवर त्या दिवशीच्या पिक्चरचा लिहिणारा होता. दोन भावांच्या वाटणीची गोष्ट होती, थोरल्याची बायको झुरून मरते. मी नाव वाचून दिलं आणि दोराला डोकं टेकून झोपलो. हे तिला अंधारात दिसलं नसावं. मी पिक्चर बघितलाच नव्हता, म्हणून पाटावर तिनं ते भांडणाचं विचारलं तेव्हा मला वाटलं, झालं, वाक्य टाकलं माझ्यावर. मी माझ्या पद्धतीनं बोललो. ती हसली. म्हणजे लिहिणारा पास झाला असणार. पण ती त्याच दिवशी कधी निकाल द्यायची नाही. गोष्ट रातभर मुरू द्यावी म्हणायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गोठ्याच्या दारात बसली ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले काळीज. मी म्हणालो, तिचं काळीज दगडाचं होतं, दुसरं काहीतरी बघा. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला ते आवडलं नाही.

तेरावं झालं. बायका भांडी न्यायला आल्या, एकीनं विचारलं, "काका, काकूनं तिसरं नाव काय ठरिवलं?" मी म्हणालो, "सांगतो." सांगायला काय, ती हसली होती. पण तिच्या माघारी तिच्या तोंडी उगाच काही घालायचं नव्हतं. वाक्य नक्की त्या पिक्चरमधलं होतं का, एवढं बघायचं आणि नाव सांगून मोकळं व्हायचं, असं मी ठरवलं.

तोच पिक्चर घेऊन तंबू तोवर शेजारच्या गावच्या बाजारात गेला होता. गेलो. सवयीनं दोराच्या कडेला बसलो. नावं सुरू झाली तसा मी मोठ्यानं वाचू लागलो. दोरापलीकडं कुणी परकी बाई होती. ती म्हणाली, "आजोबा, कुनाला वाचून दावताय?" मी उरलेली नावंही वाचली. सुरू केलेलं मधे सोडायची मला सवय नाही.

सगळा पिक्चर जागा राहून बघितला. थोरल्याची बायको मरते तेव्हा हात जोडून म्हणते, "माझ्या माघारी या घरातला दिवा विझू देऊ नका." थोरला रडतो. बायकाही रडल्या. भांडणाचं कुणी काही बोललं नाही. मरताना नाही, आधी नाही, नंतर नाही.

मी हमीदभाईला गाठलं. "एखादं रीळ गाळलं का रे?"

"नाही काका. तुमच्या गावात दाखवलं तेच, पुरं."

"तुटलं असंल, जोडलं असंल."

"कसम से काका, एक टुकडा कमी नाही." मग तो म्हणाला, "काकू नाही आल्या?" त्याला कळलेलंच नव्हतं. मी म्हणालो, "न्हाई."

पाटाच्या कडेनंच परत आलो. ती मलाच विचारत होती. लिहिणाऱ्याचा त्यात काही संबंध नव्हता.

सकाळी उठलो, तोंड धुतलं आणि तडक चंपालालच्या दुकानी गेलो. त्यानं लांबूनच पेपर हलवला. "काका, सरकारची नावं आली. काकूंनी शेवटचा पिक्चर बघितला, त्याचा लिहिणारा आहे यात. तिसरं नाव बरोबर निघालं त्यांचं."

"तिचं न्हवं ते," मी म्हणालो.

"छापलंय काका."

"छापू दे. चूक हाय. मरताना बाई दिव्याचं बोलत न्हाई."

"मग काय बोलते?"

"ते तुला कशाला पायजे? तू गूळ तोल."

चंपालाल मऊ माणूस, पण दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याला लागलं. म्हणाला, "काका, मुंबईत शिकलेली माणसं बसतात निवडायला. तुमच्यापेक्षा कळतं त्यांना."

"कुनी भांडलंय का त्यांच्याशी घरात? इचार जा."

"मी काय मुंबईला जाऊ?"

"मंग मधी बोलू नगंस."

"दुकान माझं आहे काका."

मी आवाज चढवला. त्यानंही चढवला. पिठाच्या गिरणीवरची माणसं येऊन उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला घरी न्या. मी कुणाचा हात धरू दिला नाही. वाटणीचा पिक्चर पहिल्या रिळापासून घेतला आणि कुठं कुठं खोटा आहे ते एकेक काढलं. चंपालालनं पेपर आपटला, चष्मा काढला, परत घातला. ऊन पायरीवर आलं. तो थकून म्हणाला, "काका, जेवायची वेळ झाली. जा आता घरी."

मी म्हणालो, "माझं अजून झालं न्हाई," आणि पोत्यावर बसून पुढचं सुरू केलं.