नलूताईंचं ‘बसल्या बसल्या’
आमच्या अंबडच्या नलूताई पार्लर चालवतात आणि आलेल्या गिऱ्हाइकाला फेशियल करू नका म्हणून सांगतात. “चेहऱ्याला काही झालेलं नाही तुमच्या. झोप झालेली नाही. घरी जा, झोपा.” असं म्हणून त्यांनी परत पाठवलेल्या बायकांत मीही आहे.

पूर्वी तिथं वाट बघताना चाळायला बायकांची गुळगुळीत मासिकं असायची. सात दिवसांत गोरं कसं व्हायचं, नवऱ्याला खूश कसं ठेवायचं, उरलेल्या पोळ्यांचं काय करायचं. एक दिवस नलूताईंनी ती सगळी रद्दीत घातली आणि स्वतःचं आठ पानी मासिक काढलं. वाट बघत बसल्या बसल्या वाचायचं, म्हणून नावही ‘बसल्या बसल्या’. मी शेजारच्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे टायपिंग आणि ऱ्हस्वदीर्घ माझ्या गळ्यात पडलं.

मुलाखती त्या भुवया कोरताना घेतात. भुवई दोऱ्याखाली असली की माणूस खोटं बोलत नाही, असं त्यांचं मत. कंपनीत मशीनवर उभी राहणारी असो, नाहीतर पेठहून द्राक्षं खुडायला आलेली, “सासरी पहिल्यांदा पोटभर कधी जेवलीस?” असं विचारतात आणि उत्तर आलं की दोरा दातात धरूनच म्हणतात, “छापू का?”

मागच्या अंकात त्यांनी पाळी जातानाच्या त्रासावर चार पानं घेतली.

“ताई, जरा जपून,” मी म्हटलं.

“का? ती जपून जाते का?”

अंक निघाला आणि पार्लर ओस पडलं. आठवडाभर एक भुवई आली नाही. भजनी मंडळाच्या गिरजाबाई चिडल्यात, असं कानावर आलं. त्यांचा सगळ्या गल्लीला धाक. नलूताई गिऱ्हाइकाच्या खुर्चीत स्वतःच बसून राहायच्या. “चुकलं का गं माझं?” एकदा हळूच म्हणाल्या.

नवव्या दिवशी गिरजाबाई अंकाची सुरळी हातात धरून दारात आल्या. भांडण होणार म्हणून मी उठून उभी राहिले.

“मी भर थंडीत पंखा लावायची,” गिरजाबाई म्हणाल्या. “घरचे म्हणायचे, म्हातारीचं डोकं फिरलं. मला बी तसंच वाटायचं. हे वाचलं तवा कळलं, समद्यांनाच होतं. लय हलकं वाटलं बघ.”

त्या चिडल्या नव्हत्याच. आठवडाभर मंडळातल्या बायकांना बसवून पत्रं लिहून घेत होत्या. पिशवीतून पाच काढून त्यांनी नलूताईंच्या हातात दिली. नलूताईंनी ती दोनदा वाचली आणि चहा ठेवते म्हणून आत गेल्या. चहाला बराच वेळ लागला.

आमच्या अंकात तोवर वाचकाचं एकच पत्र यायचं, दर महिन्याला, ‘एक वाचक, मनमाड’ यांचं. भरभरून कौतुक करणारं. मनमाड नलूताईंचं माहेर, तिथं आता त्यांचं कोणी उरलेलं नाही. ते तिरकं अक्षर मी पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं, पण तो विषय कधी काढला नाही.

संध्याकाळी त्यांनी पुढच्या अंकाचा मजकूर दिला. त्यात पाचही पत्रं होती.

“आणि मनमाडचं?” मी विचारलं.

नलूताई आरसा पुसत होत्या. “त्यांना कळवलंय मी,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, या वेळी जागा नाही.”