माफीचा रकाना

गद्रेकाकांच्या तळघरात लक्झेंबर्ग आहे. अख्खा देश नाही, पण त्या देशाला चित्रं काढून ज्यांनी ज्यांनी चिडवलं ते सगळे आहेत. जुनी साप्ताहिकं, कात्रणं, शाळेच्या पुस्तकांतली चित्रं आणि चपलांच्या खोक्यांत ओळीने लावलेली कार्डं. जर्मनीतल्या बॉबलिंगेनमधल्या आमच्या इमारतीत प्रत्येक बिऱ्हाडाला तळघरात जाळीच्या दाराचा एक गाळा मिळतो. बाकीचे लोक त्यात हिवाळ्याचे टायर ठेवतात.

काका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. गिअरबॉक्सचे इंजिनिअर, आता निवृत्त. एकदा कामासाठी लक्झेंबर्गला गेले असताना फुटपाथवरच्या 'फुकट न्या' लिहिलेल्या खोक्यात त्यांना एका जुन्या व्यंगचित्र साप्ताहिकाचे बांधलेले अंक मिळाले आणि हे प्रकरण सुरू झालं. गेली बारा वर्षं ते त्या देशाच्या व्यंगचित्रकारांचा इतिहास लिहितायत. मराठीत. शाईच्या पेनाने.

"मराठीत कोण वाचणार, काका?" मी पहिल्याच भेटीत विचारलं.

"तू वाचशील ना? आल्झो, म्हणजे झालाच एक वाचक. आणि कोणी वाचणार नाही म्हणून लिहू नये, असं कुठल्या नियमात आहे? दाखव."

हे 'दाखव' त्यांचं ठेवणीतलं हत्यार. आमच्याकडे केअरवोखे असते, म्हणजे दर आठवड्याला एका घराने जिना झाडायचा. दारावर तशी पाटीच येऊन लटकते. काका जिना खालून वर झाडतात. तळमजल्यावरच्या बाईंनी हरकत घेतली, तेव्हा काका म्हणाले, "वरून खाली झाडावा असं कुठल्या नियमात आहे? दाखवा." बाई दोन दिवस घराची नियमावली चाळत होत्या. तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. कचरा मात्र सगळा खाली त्यांच्याच दारात यायचा आणि मग काका निमूटपणे तिथेही झाडायचे.

लक्झेंबर्गच का, असं विचारलं की काका खुलतात. "मोठ्या देशात चित्रकार मंत्र्याचं नाक काढतो आणि घरी जाऊन जेवतो. तो मंत्री कुठे, हा कुठे. लहान देशात तोच मंत्री दुसऱ्या दिवशी बेकरीत ह्याच्या मागे रांगेत उभा असतो. तिथे नाक काढायला छाती लागते."

"अहो, मंत्र्याचं नाक राहू द्या, पोळी गार होतेय," काकू आतून म्हणतात.

प्रत्येक चित्रकाराचं एक कार्ड. नाव, अंक, कोणाला चिडवलं, आणि शेवटचा रकाना: माफी मागितली का? तिथे 'नाही' असेल तर ते हिरव्या शाईत. 'हो' असेल तर पेन्सिलीने, बारीक अक्षरात, आणि पुढे कंसात 'घरात माणसं असतील'. एरवी कोणाला न सोडणारा हा माणूस माफी मागणाऱ्यांना इतका का सांभाळून घेतो, हे मला कळायचं नाही.

मार्चमध्ये हाउसफेरवाल्टुंगचं, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. तळघरातल्या कागदांमुळे आगीचा धोका आहे, महिनाअखेर गाळा रिकामा करा, नाहीतर आम्ही करू. खाली कंपनीच्या केसलरसाहेबांची सही.

"गाळा माझा, कुलूप माझं, कागद माझे," काका म्हणाले. "दाखवा म्हणावं नियम."

नियम खरोखरच असता तर? बारा वर्षांची जमवाजमव कचऱ्याच्या गाडीत गेली असती. मी म्हटलं, स्कॅन करून टाकूया. त्यावर काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग मी माझ्या अकलेने एक काम केलं. माझी सगळी नोकरी पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत झालेली. तिथे आम्ही ईमेलची सुरुवातच माफीने करतो, चूक कोणाची का असेना. तसंच एक गोड जर्मन पत्र मी काकांच्या नावाने केसलरना पाठवलं. झालेल्या त्रासाबद्दल मनापासून माफी मागतो, कृपया मुदत द्यावी.

मुदत दिल्याचं केसलरचं उत्तर आलं तेव्हा काकांना कळलं. मी चांगली शाबासकीच्या तयारीने उभी होते.

"माझ्या नावाने माफी मागितलीस?" ते इतक्या हळू म्हणाले, की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "तुला कोणी सांगितलं होतं?"

त्यांनी मला तिथेच बसवून दुसरं पत्र लिहायला लावलं. मागचं पत्र रद्द समजावं. गद्रे माफी मागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी खालच्या सूचनाफलकावर एक चित्र लागलं. डोक्यावर बंबवाल्याचं हेल्मेट घातलेले केसलर भला मोठा पाइप घेऊन चपलांच्या एका खोक्यावर पाणी मारतायत. नाक काय काढलं होतं! खाली ठसठशीत सही: मु. गद्रे, तिसरा मजला. काकांना चित्र काढता येतं हे मला माहीतच नव्हतं. काकूंनाही नव्हतं. लग्नाला चाळीस वर्षं झालेली.

शनिवारी मी आणि काका बेकरीत ब्रेट्झेल घ्यायला रांगेत उभे होतो. मागे वळून पाहिलं तर केसलर. काकांनी माझा दंड घट्ट धरला.

"तो मी आहे का?" केसलरनी विचारलं.

"गेनाऊ, तुम्हीच," काका म्हणाले.

"नाक जास्त मोठं काढलंय."

"आहे तेवढंच काढलंय."

केसलरनी स्वतःच्या नाकाला हात लावून पाहिला. मग म्हणाले, की त्यांनी चौकशी केली आहे, कागद पत्र्याच्या कपाटात ठेवले तर चालतील. आणि स्वतःच्या ब्रेट्झेलमध्ये लोणी जास्त घालायला सांगून पुढे सरकले.

पत्र्याची दोन कपाटं आली. मी खोकी उचलायला गेले. एका खोक्यात सगळ्यात मागे एक पिवळं पडलेलं कार्ड होतं. नाव: मुकुंद गद्रे, वय एकोणीस. कोणाला चिडवलं: कॉलेजचे चेअरमन. माफी मागितली का: 'हो. मी नाही. नानांनी. हात जोडून, माझ्यासमोर.' पुढे कंस नव्हता.

"नाना म्हणजे माझे वडील. त्याच कॉलेजात कारकून होते," काका म्हणाले. "मला घरी काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर मी एकही चित्र काढलं नाही. आणि नानांशीही नीट बोललो नाही, ते जाईपर्यंत."

मला फार वाईट वाटलं. नानांनी केलं तेच मीही केलं होतं. "काका, ते पत्र मी..."

"माफी मागू नकोस," ते म्हणाले. "लिही. त्याच कार्डावर, खाली. वय एकोणसत्तर. कोणाला चिडवलं: केसलर."

"आणि शेवटच्या रकान्यात?"

त्यांनी हिरव्या शाईचं पेन माझ्यापुढे केलं. मी 'नाही' लिहिलं. त्यांनी ते दिव्याजवळ नेऊन वाचलं. मग खिशातून पेन्सिल काढली आणि वरच्या ओळीत, नानांच्या माफीपुढे, कंस काढून बारीक अक्षरात लिहिलं: घरात मुलगा होता.