बुवांचा खर्ज

सहादेव मास्तरांनी नऊ वर्षं ट्रान्झिस्टरवर गाणं ऐकलं आणि नऊ वर्षं त्या ट्रान्झिस्टरला शिव्या दिल्या. एरवी माणूस गरीब. शाळेत छडीसुद्धा बेतानं उगारायचा. पण सकाळी पुणे केंद्र लावलं आणि गवई खालच्या सुरात उतरला, की यांचं डोकं फिरलंच.

"गेला! खाली गेला आणि बेपत्ता झाला! डबीत माशी कोंडल्यासारखं वाजतं मेलं!"

"मग नका ऐकू," मालनबाई चुलीपुढनं म्हणायच्या. "कोनी हात धरलाय का तुमचा?"

हात धरला होता त्र्यंबकबुवा नेवासकरांनी. नगरला मास्तरकीचं शिक्षण घेताना सहादेव दोन वर्षं बुवांकडे जात होते. त्यातलं दीड वर्ष पाणी भरण्यात आणि तंबोरा पुसण्यात गेलं, पण पहाटे बुवा खर्ज लावायचे तो ऐकायला मिळायचा. खर्ज म्हणजे अगदी तळाचा सूर. बुवांनी तो लावला की बसल्या जागची फरशी हलते असं सहादेवांना वाटायचं. पुढं नोकरी लागली, कोपरगावपासून आठ मैलांवर उसात बुडालेलं हे गाव पदरात पडलं आणि गाणं संपलं. आणि आता, एकाहत्तर सालच्या मार्गशीर्षात, बुवांचं कार्ड आलं. बुवा ऐंशीचे. अक्षर थरथरलेलं. 'येत्या गुरुवारी सकाळी साडेआठला रेडिओवर अर्धा तास गाणार आहे. यानंतर गाणार नाही. ऐक.'

मास्तर कार्ड वाचून रडले. डोळे पुसले आणि तडक कोपरगावला गेले.

तिथं दानीएल लाउडस्पीकरवाल्याकडे काचेच्या व्हॉल्व्हचा जुना अॅम्प्लिफायर धूळ खात पडला होता. लग्नाच्या वरातींसाठी त्यानं नवा, बॅटरीवरचा घेतला होता, त्यामुळे हा लोखंडी पेटारा स्वस्तात कुणाच्या तरी गळ्यात मारायला तो टपलेलाच होता.

"ट्रान्झिस्टरची वायर यात खोचायची, मास्तर. असा भरदार आवाज यील की शेजारी मानूस बसून गातोय म्हनाल. फकस्त तापू द्या. व्हॉल्व्हला घाई चालत न्हाई. अन् हां, करंट एकसारखा पायजे."

शेवटचं वाक्य मास्तरांनी ऐकलं नाही. विकणाऱ्याचं शेवटचं वाक्य कोण ऐकतो?

घरी आल्यावर पेटारा तापला, आतले व्हॉल्व्ह लालसर उजळले आणि कुणा गवयाचा खालचा सूर असा घुमला की मालनबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या.

"अगं बाई! घरात कोन आलं म्हनलं!"

मास्तर पेटाऱ्यापुढं मांडी ठोकून बसले. दोनच मिनिटं. मग गवयाला ग्लानी आली. आवाज रडका झाला, लांबला, बसला. वर बघतात तर दिव्याची नुसती तार लाल दिसत होती. शिवारात उसाच्या मोटारी सुरू झाल्या होत्या. एका डीपीवर, म्हणजे खांबावरच्या एकाच ट्रान्सफॉर्मरवर, सात मोटारी, आणि त्याच डीपीवर शाळेमागची मास्तरांची खोली. ट्रान्झिस्टरला सेल घातले की कुणाच्या बापाची मिंधेगिरी नव्हती. या पेटाऱ्याला मात्र सात जणांची परवानगी लागत होती.

मास्तर सगळ्यात आधी गहिनीनाथकडे गेले.

"फक्त अर्धा तास मोटार बंद ठेव रे बाबा. माझ्या गुरूंचं गाणं आहे."

"ठिवतो की! तुमच्यासाठी काय बी. पर आधी त्या कारभारीची बंद व्हऊ द्या. मी बंद केली अन् त्यानं चालू ठिवली, तर कालव्याचं समदं पानी त्योच वढील."

कारभारी म्हणाला, "गहिन्याची बंद झालेली डोळ्यांनी बघीन, मग माझी."

चांगुणाबाईचा नवरा गेल्यापासून मोटार तिच्याच हातात होती. तिनं कमरेवर हात ठेवून विचारलं, "तुमच्या एकट्याच्या कानापायी समद्या शिवारानं तहानेलं ऱ्हायाचं व्हय? बरं, ऱ्हाऊ. पर या दोघांच्या आदी मी खटका पाडनार न्हाई. लई चोर हायेत दोघंबी."

बाकीचे चौघंही याच मापाचे. कुणाचा कुणावर काडीचा विश्वास नाही. मास्तर तीन दिवस चिखल तुडवत बांधाबांधानं फिरले. गहिनीनाथच्या विहिरीचा अर्ज लिहून दिला, कारभारीच्या व्याह्याला चार पानी खरमरीत पत्र लिहून दिलं. अखेर तोड चांगुणाबाईनंच काढली. मास्तरांनी आपल्या माळवदावर काठीला धोतर लावून वर करायचं. ते दिसलं की सातही जणांनी एकदम खटका पाडायचा. कुणी आधी नाही, कुणी मागं नाही.

"हे झालं न्यायाचं," कारभारी म्हणाला. मास्तरांनी चक्क तिच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

गुरुवारी मास्तर अंघोळ करून, नवा सदरा घालून बसले. पेटाऱ्यासमोर उदबत्ती लावली. ट्रान्झिस्टर पेटाऱ्याच्या डोक्यावर ठेवून वायर खोचली. सव्वाआठला पेटारा तापत ठेवला आणि साडेआठला दोन मिनिटं कमी असताना माळवदावर जाऊन धोतर वर केलं. आणि काय सांगावं, सात मोटारींचा घरघराट एका क्षणी थांबला! वर्षानुवर्षं भांडणारी माणसं एकदाची एकमतानं वागली. मास्तरांना भरून आलं. ते धडपडत खाली आले.

"अहो," मालनबाई म्हणाल्या, "दिवा लईच लखलखायला लागलाय."

"लखलखू दे! आज चमकायलाच पाहिजे!"

"डोळ्याला सोसंना हो. अन् वास कसला येतोय?"

"उदबत्तीचा. गप बस आता, हात जोडतो."

तंबोरा सुरू झाला. निवेदिकेनं बुवांचं नाव घेतलं. बुवांनी सा लावला. म्हातारा आवाज, पण तोच. मास्तरांच्या अंगावर काटा आला. बुवा एकेक सूर खाली उतरू लागले. नी, ध, प... मास्तर जमिनीला दोन्ही तळहात टेकून बसले.

आणि पेटारा फुटला. भप्प! निळा जाळ, काळा धूर, वर दिव्याचाही फटाका. सात मोटारींचं ओझं एकदम उतरलं, तसा करंट मोकाट सुटला होता. कमी करंटाचीच धास्ती घेतलेल्या मास्तरांना, तो जास्तही होतो हे कधी सुचलंच नव्हतं. त्यांनी धावत जाऊन मेन पाडला. तोवर मालनबाईंनी पाण्याचा हंडा उचलला होता.

"नको! वर ट्रान्झिस्टर आहे!"

हंडा रिकामा झाला. जाळ विझला आणि ट्रान्झिस्टर दोनदा गुळगुळ करून कायमचा गप्प झाला.

मास्तर अनवाणी गावात पळाले. कारभारीच्या घरी विजेवरचा रेडिओ होता. तो त्याच झटक्यात जळाला होता, आणि कारभारीची बायको त्यांनाच शोधायला निघाली होती. तिच्या तोंडाच्या तावडीतून सुटून, धापा टाकत ते चांगुणाबाईच्या वस्तीवर पोचले. तिच्या भावाचा ट्रान्झिस्टर खाटेवर चालू होता. पण नऊ वाजून गेले होते, त्यावर कांद्याचे बाजारभाव सांगत होते.

दुपारी गहिनीनाथ खोलीवर आला तेव्हा मास्तर ओल्या पेटाऱ्याशेजारी बसून होते. गहिनीनाथचा चेहरा नुसता फुलला होता.

"गुर्जी, काय गानं हुतं हो! मोटार बंद केली अन् म्हनलं, रिकामं बसून काय करायचं, म्हनून बांधावर रेडू लावला. एरवी मोटारीच्या घरघरीत काय ऐकू येतंय? पर आज समदं शिवार गप. म्हातारा जवा खाली गेला ना, आयला, ढेकळं हालत्यात का काय असं वाटलं!"

मास्तरांनी हळूच विचारलं, "कशावर ऐकलंस?"

"ह्या आपल्या डबड्यावर. तुमच्यासारखाच हाय की. निस्तं आजूबाजूला गप पायजे, दुसरं काय?"

नऊ वर्षं त्यांनी ट्रान्झिस्टरला शिव्या दिल्या होत्या. मग त्यांनी गहिनीनाथचा हात धरून त्याला समोर बसवलं.

"खालचा सूर कसा लावला त्यांनी? करून दाखव."

"मी? अवो, मला कुठं..."

"दाखव रे. तूच ऐकलायस."

गहिनीनाथनं तोंडातली तंबाखू थुंकली, लाजत घसा खाकरला आणि आजारी रेड्यासारखा एक हंबरडा काढला. मालनबाईंनी आत तोंडावर पदर दाबला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही तळहात जमिनीला टेकले.

"आणखी खाली," ते म्हणाले. "आणखी थोडं खाली जा, गहिनीनाथ."