अंकुशचा आगबंदोबस्त

बुद्धपौर्णिमेच्या सकाळीच अंकुशने बैठकीतले सगळे पडदे काढून टाकले, तेव्हा त्याच्या बायकोने, रत्नमालाने ओळखलं की आज सणाचं काही खरं नाही.

लाखनीतल्या एका कार्यालयात अंकुश लिपिक होता. आगीपासून बचावाच्या प्रशिक्षणाला दुसरं कोणी जायला तयार नव्हतं, म्हणून साहेबांनी त्याला धाडलं. तिथल्या चित्रफितीत एका मेणबत्तीने अख्खं घर बघता बघता राख झालं. तेव्हापासून त्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. जळू शकणार नाही अशी एकही वस्तू त्याला आपल्या घरात दिसेना.

दुपारपर्यंत त्याने चार बादल्या भरून ठेवल्या आणि दारावरच्या कागदी पताका उतरवल्या. मेणबत्त्या परातीत पाणी घालून मधोमध लावायच्या, असा हुकूम सुटला. वाऱ्याने ज्योत हलते म्हणून संध्याकाळच्या वंदनेला कूलरही बंद झाला. मे महिना. पांढऱ्या कपड्यांतली माणसं घामाने निथळू लागली. शेजारचे हिरालालभाऊ कपाळ पुसत म्हणाले, की आगीतून वाचलो तरी उकाड्याने जाऊ. अंकुशने तिकडे कानाडोळा केला.

वंदना पार पडली. त्याची आई बायजाबाई मात्र तिथेच रेंगाळली. पोराला शिक्क्याचा कागद मिळाला होता, तो चार लोकांना दिसावा असं तिला दिवसभर वाटत होतं. तिने प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र कपाटातून आणलं आणि परातीच्या काठाला टेकवून उभं केलं. कागद हळूच वाकला, ज्योतीला लागला आणि पेटला.

प्रशिक्षणातलं एकही वाक्य अंकुशला आठवलं नाही. पहिली बादली टीव्हीवर गेली, दुसरी हिरालालभाऊंच्या अंगावर. तिसरी त्याने जीव खाऊन फेकली, ती भिंतीवरच्या विजेच्या बोर्डावर. फट्‌ असा आवाज झाला आणि घरातला उजेड गेला. तोवर बायजाबाईने जळता कागद चिमटीत धरून परातीतल्या पाण्यात बुडवलाही होता.

वायरमनला फोन लावला, तर तो साकोलीला सासुरवाडीत. सकाळी येतो म्हणाला. अंकुश ओल्या गादीवर बसून राहिला. घर जळालं असतं तर निदान लोकांनी सांत्वन तरी केलं असतं, असं त्याच्या मनात आलं.

"आई, आता काय करावं?" त्याने विचारलं.

"काय करतं? खीर थंडी होऊन राहिली. मेणबत्ती लावू आन खाऊन घेऊ." तिने स्वयंपाकघरातून एक पेटवून आणली. "तू शिकून आला ना बाबू. कुठी ठेवू, तूच सांग."

त्या उजेडात अंकुशने चौफेर नजर फिरवली. टेबल लाकडाचं. फ्रीजवर प्लास्टिकचं कव्हर. खिडकीत रत्नमालाच्या मासिकांचा गठ्ठा. आणि परातीत? परातीतच तर पेटलं होतं. त्याने निमूट हात पुढे केला.

सगळ्यांनी पोटभर खीर खाल्ली. ओल्या सदऱ्यातल्या हिरालालभाऊंनीही दुसऱ्यांदा मागून घेतली. वितळलेलं मेण बोटांवरून मनगटाकडे ओघळत होतं, आणि अंकुश खोलीच्या मधोमध हात लांब करून उभा होता.

"तुमीबी खाऊन घ्या ना," रत्नमाला म्हणाली. "ठेवून द्या ते कुठीतरी."

त्याने पुन्हा एकदा सगळ्या खोलीवरून नजर फिरवली आणि नकारार्थी मान हलवली.

मग तिने वाटी उचलली आणि त्याला चमच्याने भरवायला सुरुवात केली.