येतो म्हणा!

निमकरकाकांच्या दारातून "जातो" म्हणून कुणाची सुटका होत नाही. ते माणसाला फाटकापासून परत बोलावतात. "जातो काय? येतो म्हणा!" कुरिअरवाला हिंदी बोलणारा, पण त्यालाही सवलत नाही. तो आता लांबूनच "आता हूँ, काका" असं ओरडत पळतो.

काका विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एकटेच राहतात. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाले, पुढे काकू गेल्या. काकूंनी खिडकीखाली लावलेला गवती चहा मात्र असा माजलाय की सगळी सोसायटी त्यावर चहा पिते.

पण पाती परस्पर तोडायची नाही. बेल वाजवायची. मग काका कात्री घेऊन येतात आणि उलटतपासणी सुरू होते. "किती जणांचा? पाहुणे आहेत की घरचेच? पातीची गाठ मारून टाका. आणि दुधाबरोबर उकळू नका, काढा प्यायचाय का?" स्वतः काका चहाला शिवत नाहीत, पित्त होतं. पाती मिळते ती एका वेळेपुरतीच. जास्त मागितली तर "उद्याचं उद्या. शिळी पाती माझ्या नावावर खपवू नका." आणि लावायला ठोंब मागितला तर सरळ दार बंद. आम्ही सगळे त्यांना चिक्कू म्हणायचो.

त्यांचे गुडघे दुखतात, रोज कशाला वाकायला लावायचं, म्हणून सुनीतानं, माझ्या बायकोनं, नर्सरीतून गवती चहाची कुंडी आणली. दोन-तीन आठवड्यांनी काका आमचं पार्सल घेऊन वर आले. "हे तुमचं. माझं घर म्हणजे पोस्ट ऑफिस नव्हे," म्हणता म्हणता त्यांची नजर बाल्कनीत गेली. त्यांनी एक पात चुरगळून हुंगली.

"चांगला लागलाय. वासही आहे."

"बसा ना काका," सुनीता म्हणाली.

"नको," काका म्हणाले. "जातो."

ते जिना उतरून गेले तरी आम्ही दोघं दारातच उभे. एका वेळेपुरती पाती का, ठोंब का नाही, हे त्या एका शब्दानं कळलं. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीता खाली गेली. तिनं बेल वाजवली. मी वर बाल्कनीतून ऐकत होतो.

"काका, पाती देता? आमच्या कुंडीतलीला वासच नाही हो."

काल त्यांनी स्वतःच हुंगली होती.

"नसतोच," ते म्हणाले. "कुंडीतलीला कुठला वास! किती जणांचा?"

"दोघांचाच."

कात्रीचा आवाज आला.

"येते हं, काका."

"या."

आमच्या कुंडीतली पाती आता कमरेपर्यंत आलीय. बाल्कनीत गेलं की घमघमाट सुटतो. तिला आम्ही हात लावत नाही.