पोहे१२३४

दर रविवारी सकाळी बरोबर नऊ वाजता शरदकाका इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून, स्वतःच्याच व्हरांड्यातल्या कॅमेऱ्यासमोर खुर्ची टाकतात आणि बशीभर पोहे खातात. वरून शेव. खाताना मान वर, जणू कुणी फोटो काढतंय. उज्जैनच्या नानाखेड्यातली आमची अख्खी कॉलनी या ध्यानाला हसत आली आहे. सगळ्यात जास्त मी.

काकांचं टॉवर चौकाजवळ कॅमेऱ्यांचं दुकान आहे. कॉलनीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात त्यांनी कॅमेरा आणि त्यासोबतचा काळा डबा बसवलाय. डबा चालवणारा प्रोग्राम त्यांच्या मुलीने, मंजिरीने, कॉलेजात असताना लिहिला. लिहिताना तिने त्याच्या पोटातच एक पासवर्ड कायमचा घालून ठेवला. इंग्रजी अक्षरांत, पोहे१२३४. तुम्ही आपल्या डब्याला कितीही अवघड पासवर्ड द्या, हा खालून चालतोच. बदलता येत नाही, काढता येत नाही. कुणी स्वतःचा पासवर्ड विसरलं की काका स्कूटरवरून येतात, पोहे१२३४ मारतात आणि वर ऐकवतात, "एक चावी, सगळी कुलपं! आपलं काम एकदम पक्कं, भिया!"

मी बँकेच्या कॉम्प्युटर विभागात आहे. लोकांना पासवर्ड बदलायला लावणं हीच माझी नोकरी. हा प्रकार बघून माझं डोकंच फिरलं.

"काका, एकाने एक डबा उघडून बघितला की त्याला सगळ्यांची घरं उघडी."

"तू यार फालतूमध्ये टेन्शन घेतोस. पोहे कोणाला सुचणारेत?"

उज्जैनमध्ये! जिथे सकाळी उठून माणसाला दुसरं काही सुचतच नाही!

व्हायचं तेच झालं. मागच्या उन्हाळ्यात जोशीकाकू गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. वरच्या कॅमेऱ्यातून पुरुषी आवाज आला, "आंटी, दो पापड़ इधर भी भेज दो." काकू पोळपाट टाकून खाली पळाल्या. आठ दिवस कॉलनीला हसायला विषय मिळाला. मग तोच आवाज एका घरात पाळण्यातल्या बाळाशी बोलला, आणि हसणं बंद झालं. कुणाच्या तरी हाती भंगारात टाकलेला जुना डबा लागला असणार. एवढं पुरेसं होतं.

बैठक झाली. सगळ्या डब्यांतला प्रोग्राम पुसून नवा घालायचा आणि ते काम मी करायचं असं ठरलं. सुरुवात काकांच्या घरापासून, कारण बाकीचे डबे त्यांच्या डब्याला जोडलेले. काका एकटे उभे राहिले.

"बाकीच्यांचं काय ते करा. माझा डबा नाही उघडायचा. पोरीने लिहिलाय तो."

पोरीची गोष्ट सगळ्या कॉलनीला ठाऊक होती. चार वर्षांपूर्वी मंजिरीने आपल्या पसंतीने लग्न केलं, तेव्हा याच काकांनी "या घराचं दार तुला बंद" असं तिला सुनावलं होतं, तेही चार घरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. ती पुण्याला गेली. मंजिरीची आई त्याआधीच वारलेली. बापलेकीत तेव्हापासून एक शब्द नाही. मला संतापच आला. मुलगी नको, पण तिचा प्रोग्राम मात्र छातीशी! लोकांच्या घरात परका माणूस शिरतोय आणि यांना आपला हट्ट प्यारा!

रविवारी मी लॅपटॉप घेऊन धडकलोच. नऊ वाजत होते. काकांचं पोह्यांचं नाटक नुकतंच सुरू झालं होतं. त्यांनी मला अडवलं नाही, फक्त "अर्धा तास थांब ना यार" म्हणाले. मी थांबलो नाही. आत जाऊन डबा उघडला. कोण कधी आत आलं याची डबा नोंद ठेवतो. पापडवाल्याचा माग काढायला मी यादी बघू लागलो. तो सापडला. पण दुसरंही काहीतरी सापडलं. दर रविवारी, सकाळी नऊला, पोहे१२३४ वापरून कुणीतरी पुण्याहून येत होतं. एकच कॅमेरा बघत होतं, व्हरांड्यातला. अर्धा तास, मग बंद. यादीत जितकं मागे जावं तितके रविवार. आणि आत्ताही कुणीतरी आलेलं होतं.

मी बाहेर आलो. काका मान वर करून खात होते.

"काका, तुम्हाला माहीत आहे?"

"कोणी बघत असलं की ती लाल बत्ती लागते," ते ओठ न हलवता म्हणाले. "तिला वाटतं मला नाही माहीत."

"मग फोन का नाही करत?"

"कोणत्या तोंडाने करू? दार बंद मीच बोललो होतो. हे एक उघडं राहून गेलंय, तर राहू दे ना."

इतके रविवार मी या माणसाला हसलो होतो. मला माझीच लाज वाटली. पण बाळाच्या पाळण्यापर्यंत जाणारी वाटही हीच होती. मी तसं सांगितलं. काकांनी बशी खाली ठेवली आणि होकारार्थी मान हलवली.

मी आत जाऊन प्रोग्राम पुसला. बाहेर लाल दिवा विझला. काका ताडकन उठले.

"अरे, तिला वाटेल मीच बंद केलं!"

नवा प्रोग्राम घालून मी फक्त मंजिरीसाठी वेगळा पासवर्ड केला, बारा अक्षरांचा, आणि चिठ्ठीवर लिहून त्यांच्या हातात दिला. "हा तिला तुम्हीच सांगायचा. मी नाही सांगणार."

काकांनी फोन काढला. तिचा नंबर त्यांनी तिच्या लग्नाच्या वेळीच रागाने पुसून टाकला होता. मला वाटलं, आता माझ्याकडे मागतील. त्यांनी न अडखळता दहाच्या दहा आकडे दाबले.

"मंजू, ठेवू नकोस. लिहून घे."

मी बशी उचलून स्वयंपाकघरात गेलो. ती बारा अक्षरं सांगून व्हायला काकांना दीड तास लागला.