पन्नासाच्या वरची माणसं

महिपतला आताशा पन्नास हा आकडा ऐकला तरी घाम फुटायचा. परळच्या गिरणीतली टाइमकीपरची नोकरी वेळेआधीच सोडून, फंडाचे सगळे पैसे घालून तो भाईंदरला बर्फाचा कारखाना काढायला निघाला होता. कल्पना वाईट नव्हती. मासळी उत्तनची, मीठ भाईंदरचं, आणि बर्फ मात्र मुंबईहून ट्रकनं यायचा, तोही येईपर्यंत निम्मा पाणी होऊन. उत्तनचा होडीवाला मोझेस भागीदार झाला. बँकेनं दोघांना खुर्च्या दिल्या, चहा दिला, कर्ज तेवढं दिलं नाही. मग शेअर विकायचं ठरलं.

फोर्टातल्या वकिलानं समजावलं की लहान धंदेवाल्यांना कायदा थोडी सवलत देतो. प्रायव्हेट कंपनी काढली की मोठ्या कंपन्यांसारखं माहितीपत्रक छापायला नको, की त्यांच्यासारखी सरकारदरबारी धावपळ नको. अटी मुख्य दोनच. भागधारक पन्नासाच्या वर जायचे नाहीत, आणि शेअर घ्या म्हणून लोकांना जाहीर आमंत्रण द्यायचं नाही. अट मोडली की सवलत गेली आणि कंपनी अडकली.

महिपतनं आपल्या गावात, गोडदेवात, आणि मोझेसनं उत्तनला दोन-चार घरी हळूच सांगितलं, वर कुणाला बोलू नका म्हणून बजावलं. आता असं बजावलेली गोष्ट आपल्याकडे कशी पसरते ते काय सांगायचं? जाहीर आमंत्रण नसणं हा तर लोकांना सरळ अपमानच वाटला. शेजारच्या घरी आवतण जातं आणि आमच्या घरी नाही, म्हणजे आम्ही मेलो काय? मोझेसच्या बायकोशी, कॉनीशी, तिच्या सख्ख्या मावसबहिणीनं, सेलीननं, बोलणं टाकलं. इकडे गोदूबाई महिपतच्या दारात येऊन बसल्या. त्यांचा मुलगा लवू तिशी उलटली तरी गोडदेवच्या पारावर बसून असायचा. माझा लवू तुम्हाला परका झाला काय, असं विचारून त्यांनी पदराला बांधलेले पैसे पुढ्यात ठेवले आणि डोळ्यांना पदर लावला. बघता बघता पन्नास भरले, आणि वर डझनभर माणसं पैसे घेऊन उभी राहिली. त्यांना नाही म्हणायची महिपतची छाती होत नव्हती. बिचाऱ्याला त्याच गावात राहायचं होतं.

तो पुन्हा फोर्टात गेला. वकिलानं चष्मा पुसला आणि कायद्यातली आणखी एक फट दाखवली. कंपनीचे नोकर पन्नासात धरत नाहीत. नोकरीत असताना शेअर घेतला आणि पुढे नोकरी सोडली, तरी तो माणूस धरत नाहीत.

"वरच्या माणसांना एक दिवस कामावर घ्या," वकील म्हणाला. "सकाळी नेमणूक, दुपारी शेअर, संध्याकाळी राजीनामा. मिटलं."

सोमवारी वरची माणसं झाडून हजर झाली. शेड रिकामी होती, यंत्र अजून यायचं होतं, तरी सगळे डबे घेऊन आले होते. सेलीन ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. गिरणीतून रिटायर झालेला धाकू सगळ्यांना रांगेत उभं करत होता. दिवसभर बसले, जेवले, शेअर घेतले, सावलीला पडले. संध्याकाळी महिपतनं राजीनाम्याचे कागद पुढे केले, पण पेनाला कुणी हात लावेना. धाकू म्हणाला की एकदा रिटायर झालो आणि घरातला मान गेला, आता पुन्हा ती चूक नाही. लवू तर नुसता लाजला. मुलगा कंपनीत लागला असा निरोप गोदूबाईंनी दुपारीच पनवेलच्या एका स्थळाला धाडला होता, आणि मुलीकडचे बघायला येणार होते.

"लागलेली नोकरी कुणी सोडतं काय?" गोदूबाईंनी उलट महिपतलाच विचारलं.

महिपतनं डोक्याला हात लावला. यंत्राचा शेवटचा हप्ता द्यायचा होता. तो पगारात गेला की यंत्र नाही, बर्फ नाही, फंडही नाही, आणि गिरणीत तर आता दारावरचा भय्याही उभं करणार नाही. शेवटी त्यानं सगळ्या भागधारकांची सभा बोलावली आणि हात जोडून हे सगळं सांगितलं. लोकांनाही वाईट वाटलं. बायकांनी तर च् च् केलं.

मग मोझेसचा मेव्हणा सेबॅस्टियन उठला. तो पहिल्या पन्नासातला.

"आमी पयले आलो, आमाला नोकरी न्हाय. मागून आले त्यांना नोकरी. ह्यो कुठला न्याय?"

टाळ्या पडल्या. सगळ्यांनाच नोकरी द्यायची, असा ठराव तिथल्या तिथे पास झाला. महिपत मटकन खाली बसला. तेव्हा गोदूबाईंनाच त्याची दया आली. नफा होईपर्यंत पगार देऊ नका, त्या म्हणाल्या, माणूस कामावर आहे एवढं चारचौघांत सांगता आलं की झालं. यावर एकानंही तोंड वाकडं केलं नाही. हप्ता वाचला. मोझेसनंसुद्धा बर्फ-तपासनीस हा हुद्दा पदरात पाडून घेतला.

वकील खूश झाला. आता कायद्यानं मोजण्यासारखा भागधारक एकटा महिपतच उरला होता, म्हणजे आणखी कुणी शेअर मागायला आलं तरी जागाच जागा. महिपतला हे ऐकून आनंद झाला नाही. तो तडक मोझेसकडे गेला.

"मलाही कुठंतरी लावून घ्या रे," तो म्हणाला. "दमलो मी."

"तुला न्हाय," मोझेस शांतपणे म्हणाला. "सगलेच नोकर झाल्यावर आमी भांडाचा कोनाशी?"

यंत्र आलं. पहिल्या सकाळी सगळे वेळेआधी हजर होते, कुणी सुपरवायझर, कुणी हेडक्लार्क. महिपत खुर्चीत टेकतो न टेकतो तोच कामगारांच्या वतीनं धाकू पहिली तक्रार घेऊन आला. डबे अडकवायला भिंतीत एक खिळा नव्हता. खिळा ठोकणं कुणाच्या कामात बसतं यावर बाहेर थोडा वेळ चर्चा झाली, पण ते कुणाच्याच हुद्द्यात बसेना. महिपतनं बाह्या दुमडल्या आणि तो हातोडी शोधायला उठला.